थाळी वाजली की बाहेर

लग्न होऊन मी नेवाशाजवळच्या खेड्यात आले तेव्हा महायुद्ध चालू होतं. मी आणि माझे यजमान, दोघंही तिथल्या मिशनच्या शाळेत शिकवत होतो. शाळेला खोली नव्हती. मुलं चर्चच्या ओट्यावर बसत.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांच्या एका सवयीची मला सुरुवातीला फार लाज वाटे. गावात कुणाचं बांधकाम निघालं की त्या तिथं जाऊन उभ्या राहायच्या आणि गवंड्याला विचारायच्या, "आरपार दगड किती घातले?" गवंडी हसायचा. बघणारेही हसायचे.

एकदा शेंगा फोडताना मी धीर करून त्यांना कारण विचारलं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गवंडी होते, एवढंच मला माहीत होतं. लष्कराच्या ठेकेदाराबरोबर ते उत्तरेकडे लांब कामाला गेले होते, आत्याबाईही सोबत होत्या. तिथं धरणीकंप झाला. आत्याबाई पाण्याला गेल्या होत्या म्हणून वाचल्या. मामंजी घरात होते.

"भित एकदम पडत न्हाई गं," त्या म्हणाल्या. "आधी उसवती. आतले दगड आत, भायेरचे भायेर. अन् मंग वरच्या धाब्याची समदी माती आंगावर. वाकळंला आपन टाका आरपार घालतो का न्हाई? भितीला बी तसाच लागतो."

एवढं बोलून त्यांनी पुढची शेंग फोडली. त्या दिवसानंतर मला त्यांची कधी लाज वाटली नाही.

पुढच्या वर्षी शाळेच्या खोलीचं काम निघालं. दगड ओढ्यातले, गोल. ते चिखलात बसवायचे. भिंतीतून आरपार जातील असे लांब दगड खाणीवरून आणायला हवे होते आणि सुगीत कुणाची बैलगाडी रिकामी नव्हती. गवंडी म्हणाला, "मावशी, इथं कधी कंप झालाय का? कशाला एवढी उठाठेव?"

"न्हाई झाला. होऊ बी नये. पर आत पोरं कुनाची बसनार हायेत?"

मग त्यांनीच तोड काढली. लांब दगड नाहीत तर आरपार बाभळीचं लाकूड घालायचं. त्या घरोघर फिरल्या आणि प्रत्येक घरी दीड हात लांबीचा एक तुकडा मागितला. कुणी मोडक्या नांगराचा दांडा दिला, कुणी गाडीचं जुनं जू कापून दिलं. मशिदीजवळच्या सुतारानं सगळे तुकडे एका मापाचे केले. वाळवी लागू नये म्हणून आम्ही बायकांनी ते बिब्ब्याच्या तेलानं माखले. माझ्या हातांवर बिब्बा उतला, फोड आले. आठवडाभर खडू धरता येईना.

खरं भांडण झालं ते धाब्यावरून, म्हणजे मातीच्या सपाट छपरावरून. गवंड्याला वर हातभर माती हवी होती, नाहीतर उन्हाळ्यात मुलं भाजून निघतील म्हणे. डोक्यावर ओझं नको म्हणून आत्याबाई वीतभरावर अडून बसल्या. शेवटी माती वीतभरच घालायची आणि उन्हाळ्यात वर कडबा पसरायचा, असं ठरलं.

खोली झाली तरी त्यांचं समाधान होईना. थाळी वाजली की मुलांनी पाट्या टाकून पटांगणात पळायचं, असा सराव त्यांनी सुरू केला. थाळी त्या स्वतः वाजवत आणि आम्हालाही आधी सांगत नसत.

एका सकाळी तपासणीला शाळाखात्याचे दिपोटी साहेब आले. मुलं पाढे म्हणत होती, चुकत होती, मी घामाघूम झाले होते. तेवढ्यात थाळी वाजली. बघता बघता खोली रिकामी. मीसुद्धा सवयीनं दोन धाकट्यांना काखोटीला मारून बाहेर. आत उरले एकटे साहेब.

आत्याबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता नोकरी गेली.

"सायेब, तुमी आतच राह्यले की," त्या म्हणाल्या. "तुमी मेले."

साहेबांनी सगळी हकीकत विचारून घेतली, भिंतीतल्या लाकडांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "परत वाजवा." या खेपेला ते पागोटं सावरत मुलांच्याही पुढं पळाले. शेरेबुकात मात्र त्यांनी लिहिलं: पाढे कच्चे, भिंती पक्क्या.

त्या वर्षांत आमच्याकडे जमीन कधी हलली नाही. पण धाब्यावर नवी माती घालण्याआधी जुनी खरवडून काढायची रीत गावात पडली. आसपासच्या वस्त्यांवर घर निघालं की लोक आत्याबाईंना मुद्दाम बोलवायला येत. त्या हौसेनं जात. संध्याकाळी परतल्या की पायांना तेल लावून घेत आणि कुठल्या घरी काय खायला मिळालं, ते मला अगदी मीठमिरचीसकट सांगत.