चमचा खाली ठेवण्याची कला

थोर अभिनय पाहून माणूस आतून बदलतो. त्याचा स्वभाव निवळतो, बोलणं कमी होतं आणि भोवतालच्या माणसांची मनं त्याला न सांगता कळू लागतात. हे माझं मत मी चार वर्षं कसोशीने बाळगलं. त्यातला बोलणं कमी होण्याचा भाग माझ्या बाबतीत खरा ठरला, त्याचीच ही हकिकत.

आमचं एक चित्रपट मंडळ आहे. सभासद पाच, सगळे निवृत्त. दर रविवारी दुपारी आम्ही जरीपटक्यात देवतळे सरांच्या फ्लॅटवर जमतो आणि युरोपातले जुने चित्रपट पाहतो. सर कॉलेजात भूगोल शिकवायचे, त्यामुळे चित्रपट सुरू होण्याआधी तो देश नेमका कुठे आहे हे आम्हाला नकाशावर दाखवलं जातं. खाली बाजार आहे. पडद्यावर उत्तरेकडच्या एखाद्या बंदरात बर्फ पडत असतो, कोणी कोणाशी बोलत नसतं, आणि खिडकीतून 'सौ के तीन, सौ के तीन' अशी हाक येत असते. मोजे विकणारा तो माणूस आमच्या प्रत्येक चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात आहे. मे महिन्यात सर कूलरही बंद करायला लावतात.

"कूलर चालू असला की शांतता ऐकू येत नाही," ते म्हणतात.

मग पाच म्हातारे घामाने निथळत बर्फ बघतात.

आमचा सगळ्यांचा जीव एका नटावर आहे. त्याचं आडनाव आम्ही पाच जण पाच प्रकारे उच्चारतो आणि त्यावरून एकदा मंडळ फुटायची वेळ आली होती, म्हणून आता आम्ही त्याला नुसतं 'तो' म्हणतो. तो काही करत नाही, हीच त्याची थोरवी. एका चित्रपटात तो बराच वेळ पाठमोरा उभा राहून समुद्राकडे बघतो. आमचे पोस्टातून निवृत्त झालेले गजभिये तेवढ्यावर रडले. (गजभिये सुरुवातीच्या नामावलीलाही रडतात, पण ते असो.)

"मान बघा त्याची," सर हलक्या आवाजात म्हणाले. "हा माणूस मानेने अभिनय करतो. चेहरा काय, कोणीही वापरेल."

त्या रात्रीपासून मी माझ्या मानेकडे लक्ष देऊ लागलो.

पण आमचा सगळ्यांचा आवडता प्रसंग दुसराच. 'तो' एक विधुर कोळी आहे. त्याच्या मुलीला मागणी घालायला एक तरुण आलाय. सगळे टेबलाभोवती सूप पीत बसलेत. 'तो' काहीच बोलत नाही. त्याच्याकडे बघत सगळे थांबलेत. चार मिनिटं नुसते चेहरे. मग 'तो' हातातला चमचा हळूच खाली ठेवतो. बस. मुलगी रडायला लागते, तरुण उठून उभा राहतो, लग्न ठरलेलं असतं. हा प्रसंग आम्ही अकरा वेळा पाहिलाय. "शब्द म्हणजे अभिनयाचा पराभव," असं सर दर वेळी म्हणतात आणि आम्ही दर वेळी माना हलवतो. मी जरा जास्त.

आता माझ्या भाच्याकडे येतो. अनिकेत माझ्या धाकट्या बहिणीचा, नंदाचा मुलगा. त्याचे वडील नाहीत, त्यामुळे मुलाकडचा मोठा माणूस मी, म्हणजे मामा. त्याचं पल्लवीशी जमलं होतं. मुलगी गुणी, नोकरी करणारी. तिचे वडील वासुदेवराव कळमेश्वरजवळचे संत्रा बागायतदार. जुन्या वळणाचा, कमी हसणारा माणूस. पोरीने स्वतःच मुलगा पसंत केला, हे त्यांच्या गळी उतरवायला त्या दोघांना दोन वर्षं लागली होती. शेवटी फेब्रुवारीत दिवस ठरला. सकाळी बैठक, दुपारी साक्षगंध. (पुण्याकडे याला साखरपुडा म्हणतात.)

बैठकीत माझं काम एका वाक्याचं होतं. मुलाकडच्या मोठ्याने सगळ्यांसमोर म्हणायचं, आम्हाला ही सोयरीक मान्य आहे. मग कुंकू, नारळ, पुढचं सगळं.

"दादा, एकच वाक्य आहे गा," नंदा मला तीन वेळा म्हणाली. "भाषण नको देऊ फक्त. तुझ्या त्या मंडळात देतो तसं."

भाषण मी देणारच नव्हतो. मी वाक्यही देणार नव्हतो.

आदल्या संध्याकाळी मी आरशासमोर उभा राहून तयारी करत होतो. सुमन, म्हणजे माझी बायको, नवं जाकीट घेऊन आली.

"हे घालून बघा आधी. नाही बसलं तं आताच बदलून आणता येईल."

मी आरशाकडे बघत राहिलो. आत खोल कुठेतरी बर्फ पडत होता.

"काय करून राहिले तुम्ही? दात दुखते का?"

"उद्या कळेल," मी म्हणालो.

"दुखत असन तं लवंग देते," असं म्हणून ती जाकीट खुर्चीवर टाकून गेली.

दुसऱ्या दिवशी ते जाकीट मी थेट तिथे पोचल्यावर गाडीतून उतरताना चढवलं. जरा आवळत होतं. श्वास बेताने घ्यावा लागत होता. पण त्याने एक प्रकारची आंतरिक घुसमट आपोआप साधली जात होती, म्हणून मी तक्रार केली नाही.

वासुदेवरावांच्या पडवीत गाद्या घातल्या होत्या. मला मधोमध, लोडाला टेकून बसवलं. व्हिडिओवाला समोरून आला, माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, थोडं स्माइल द्या ना." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो कॅमेरा घेऊन माझ्या मागे निघून गेला.

मग वाट्या आल्या. घरच्या संत्र्यांची बासुंदी होती. वासुदेवरावांच्या बायकोने पहाटे उठून स्वतः आटवलेली, असं मला तिघांनी वेगवेगळं येऊन सांगितलं. मी एक चमचा घेतला. उत्तम होती. सगळे माझ्याकडे बघत होते. नंदाने डोळ्यांनी खूण केली की आता बोल. अनिकेतने पल्लवीकडे बघितलं, पल्लवीने जमिनीकडे. हाच तो क्षण, मी ओळखला. मी वासुदेवरावांकडे एकटक पाहिलं, नजरेत संपूर्ण संमती भरली, आणि चमचा हळूच वाटीत खाली ठेवला.

पडवीत एवढी शांतता झाली की सरांना ती कूलर चालू असतानाही ऐकू आली असती.

युरोपात चमचा ठेवला की लग्न ठरतं. कळमेश्वरच्या बाजूला मुलाच्या मामाने एका घासात चमचा ठेवला की काय होतं, याचा विचार मी केला नव्हता.

"मामाजी, गोड कमी पडलं का?" वासुदेवरावांनी विचारलं.

मी किंचित मान हलवली. नाही अशा अर्थी. पण मानेने अभिनय करायचा तर तो सूक्ष्म असावा लागतो, त्यामुळे तो कोणालाच दिसला नाही.

"अवं, दुसरी वाटी आन वं मामाजीले. मेवा घालून आन."

दुसरी वाटी आली. मी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा वासुदेवरावांकडे, अधिक खोल. त्यांनी माझ्या पाठीचा लोड बदलला. मग पंखा माझ्याकडे वळवला गेला. (फेब्रुवारीत.) मग कोणीतरी आतून खुर्ची आणली, 'मामाजीले खाली बसाची सवय नसन' म्हणून मला तीवर चढवलं. मग शेला आला, नारळ आला. दर वेळी मला वाटत होतं की नजर पोचतेय, माणसं हलताहेत, आणखी थोडी धरून ठेवावी. समोर बायकांत बसलेली सुमन सारखी स्वतःच्या मानेवर हात नेऊन मला काहीतरी खुणावत होती. सरांचं मत शेवटी घरापर्यंत पोचलं, याचं मला समाधान वाटलं.

"मामा, बोला ना," अनिकेत माझ्या कानाशी येऊन म्हणाला. "प्लीज. एकच वाक्य."

तेवढ्यात वासुदेवराव उठले. माझ्या खुर्चीसमोर आले आणि त्यांनी हात जोडले.

"मामाजी, आमचं काही चुकलं असन तं इथंच सांगा जी. सगळ्यांसमोर सांगा, मी ऐकून घेतो. माह्या मोठीच्या लग्नात मुलाचे मामाजी असेच चूप बसले होते. कोणी विचारलं तं बोलले नाहीत. मंग ताट सारून उठले. वरात दोन घंटे दारात उभी होती. पोरगी आत नटून बसून होती. काहून रुसले ते आम्हाले अजून मालूम नाही. तवापासून मले मामा लोकाईची भीती वाटते."

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं नव्हतंच ते.

मी त्यांचे हात पाहिले. बागेत काम करणाऱ्या माणसाचे हात, नखांच्या कडांशी माती बसलेली. चेहऱ्यावर काही नव्हतं. डोळे माझ्या तोंडाकडे लागलेले, आता त्यातून काय बाहेर पडतं याची वाट बघत. चार वर्षांत आम्ही शेकडो चेहरे पाहिले, प्रत्येकावर चर्चा केली. इतका उत्कट चेहरा मी पडद्यावर कधी पाहिला नव्हता. आणि तो अभिनय नव्हता. तो चेहरा मी केला होता, एका चमच्याने.

मी खुर्चीवरून उठलो. जाकिटाचं एक बटण तुटून नारळाच्या ताटात पडलं.

"वासुदेवराव, मी रुसलेलो नाही हो," मी म्हणालो. "मी... अभिनय करत होतो."

त्यांनी जोडलेले हात तसेच ठेवून विचारलं,

"काहून?"

'का' या प्रश्नाचं उत्तर आमच्या मंडळात कोणाकडेच नाही. खरं तर हा प्रश्नच आमच्याकडे कधी कोणी विचारला नाही. मी मग त्या कोळ्याची गोष्ट सांगितली. सूप, चार मिनिटं, चमचा. सांगताना ती फारच छोटी निघाली. पडवीतल्या पंचवीसेक माणसांनी ती शांतपणे ऐकून घेतली. पल्लवीने पदर तोंडाला लावला होता. ती रडतेय की हसतेय ते कळत नव्हतं.

वासुदेवरावांनी विचार केला.

"तो चमचा ठेवणारा कोण होता जी? पोराकडचा का पोरीचा बाप?"

"पोरीचा बाप."

"मंग बरोबर आहे," ते म्हणाले. "पोरीचा बाप चूप बसला तं चालते. त्याच्या मनात काय आहे ते साऱ्याईले दिसते. पोराकडचा चूप बसला तं आमच्या पोटात गोळा येते. त्यानं बोलाच लागते."

सरांनी चार वर्षांत त्या प्रसंगावर पुष्कळ सांगितलं होतं. हे सांगितलं नव्हतं.

"आम्हाला ही सोयरीक मान्य आहे," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. मग पुन्हा एकदा म्हणालो, कारण पहिल्या वेळी वासुदेवरावांचे हात अजून जोडलेलेच होते. दुसऱ्या वेळी ते खाली आले.

"हे पहिलेच बोलले असते तं बासुंदी थंडी नसती झाली," ते म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

"बासुंदी थंडच असते, बाबा," पल्लवी म्हणाली. म्हणजे ती हसतच होती.

मी ती वाटी संपवली. वासुदेवराव प्रत्येक चमच्यावर नजर ठेवून होते. मी दुसरी संपवली. तिसरी मागून घेतली. ती झाल्यावर प्रश्न पडला की चमचा ठेवायचा कुठे. खाली ठेवायची हिंमत माझ्यात नव्हती, म्हणून तो हातात धरूनच मी साक्षगंधाला बसलो. अंगठ्या झाल्या, टाळ्या पडल्या. नंदा माझ्याशी पंधरा दिवस बोलली नाही. मला तिच्या गप्प बसण्याचा अर्थ लगेच कळला. म्हणजे चित्रपट पाहून काही फायदा झालाच नाही असं म्हणता येणार नाही.

एप्रिलमध्ये लग्न झालं, नीट झालं. मी दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाशी बोलत होतो. वासुदेवरावांनी मला मध्येच बाजूला घेऊन सांगितलं, "मामाजी, आता थोडं बसा जी. समजलं आम्हाले."

मे महिन्यात साक्षगंधाचा व्हिडिओ आला. मंडळात मी झाला प्रकार प्रामाणिकपणे सांगितला होता, तरी सरांचा आग्रह होता की तो प्रसंग बघायचाच. कूलर बंद केला. कळमेश्वर नकाशावर दाखवण्यात आलं. खाली मोजे चालूच होते.

माझा चेहरा त्यात कुठेच नव्हता. व्हिडिओवाल्याने सगळी बैठक माझ्या मागून घेतली होती. समोर वासुदेवराव, त्यांचे जोडलेले हात. अलीकडे, अर्धा पडदा व्यापून, माझी पाठ. गजभिये रडायला लागले होते. ते कोणाकडे बघून रडत होते ते मला माहीत आहे, आणि ते माझ्याकडे बघून नव्हतं.

पण सर पुढे सरकून बसले.

"पाठमोरा," ते पुटपुटले. "चेहरा नाहीच. फक्त मान. आणि श्वास बघा, प्रत्येक श्वास कसा अडवून, आतल्या आत घेतलाय. हे शिकवून येत नाही."

तेवढ्यात पडद्यावर पंखा माझ्याकडे वळवला गेला आणि माझ्या मानेवर, कॉलरपाशी, काहीतरी फडफडायला लागलं. सरांनी व्हिडिओ थांबवला आणि चष्मा लावून जवळ जाऊन पाहिलं. ते जाकिटाचं लेबल होतं. साइज बेचाळीस.

मला चव्वेचाळीस लागतो.