आग्या मोहोळाखालचं लेणं

गुलमंडीतल्या स्टुडिओत राजनंदिनीनं कित्येक वर्षं नवरा-नवरींचे फोटो काढले. फुलंब्रीच्या शेतकरी घरातली ही बाई, पण लग्नाच्या गर्दीत तिची नजर भलतीकडंच जायची. मांडवात शिरलेला कवडसा नवरीच्या मेंदीवर पडला, की ती स्टेज सोडून तोच टिपत बसायची आणि वरमाई चिडायची.

असेच उजेडाचे फोटो बघून मंदार तिच्याकडं आला. चिकलठाण्यातल्या छोट्याशा ऑफिसात तो आभासी संग्रहालय तयार करत होता. डोळ्यांवर हेडसेट चढवला, की घरबसल्या लेण्यात हिंडता यावं, असं. त्यासाठी एकेका मूर्तीचे चहूबाजूंनी शेकडो फोटो लागायचे. कॉम्प्युटरवर ते जोडण्याचं काम मंदारचं, काढण्याचं राजनंदिनीचं.

त्या फेब्रुवारीत दोघं फुलंब्रीच्या पुढच्या डोंगरातल्या एका लेण्यात गेली. फारसं कुणी जात नसे असं ते लेणं. आतलं काम संपत आलं. राहिला होता दर्शनी भाग, आणि तिथंच दारावरच्या दगडी कपाळपट्टीला आग्या मोहोळ लटकलेलं होतं. काळं, जिवंत, अधूनमधून शहारणारं.

"ताई, ड्रोन लांबूनच फिरवतो," मंदार म्हणाला.

"नको रे. ह्या माश्या लई वाईट."

"मग आपल्या लेण्याला दारच नसेल. लोक आत येणार कुठून?"

 दर्शनी भाग राजनंदिनीलाही हवा होता. "बरं. पण लांबून," ती म्हणाली.

ड्रोन उडाला. वाऱ्याच्या झोतानं तो खडकाकडं ढकलला गेला आणि मोहोळाची काळी कातडी सुटल्यासारखी झाली. आधी आवाज आला, मग माश्या.

"आत पळ!" राजनंदिनी ओरडली. मंदार ड्रोन उतरवायला थांबला, तेवढ्यात त्या त्याच्या मानेवर, कानांवर तुटून पडल्या. तिनं त्याचा दंड धरून त्याला गाभाऱ्यात ओढलं आणि मूर्तीमागं धरायचं काळं कापड दारावर ताणलं. कापडाच्या दोन्ही कडा दोन्ही हातांनी दाबून ती उभी राहिली. बाहेरून कापडावर माश्या आपटत होत्या. काही फटीतून आत आल्या, तिच्या मनगटांना डसल्या. तिनं हात काढले नाहीत.

हळूहळू आवाज ओसरला. अंधारात मंदारचा श्वास मात्र शिट्टीसारखा वाजू लागला.

"ताई... घसा दाटतोय."

तिनं मोबाइलच्या उजेडात पाहिलं. ओठ सुजलेले, डोळे मिटत आलेले. मोबाइलला रेंज नव्हती. थांबावं तर त्याचा श्वास, निघावं तर बाहेर माश्या.

"मंदार, ऐक. आपल्याला निघायचंय. पळायचं नाय, हात उडवायचे नाय. माझा पदर धर."

तेच काळं कापड तिनं दोघांवर पांघरलं. पायाखालचं तेवढं दिसत होतं. पायवाटेवर मंदार दोनदा बसला, दोनदा तिनं त्याला उठवलं. कापडावरून माश्या चालत होत्या. "झालं, आलंच," असं ती म्हणत राहिली, पण किती आलं ते तिलाही कळत नव्हतं.

खाली शेळ्या चारणाऱ्या द्वारकाबाईंनी त्यांना पाहिलं आणि शेतातल्या माणसांना हाका मारल्या. कुणीतरी जीप काढली. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं." तेव्हा कुठं राजनंदिनीनं स्वतःच्या मनगटांतले काटे काढायला घेतले.

मंदार आठवड्यात कामावर आला. लेण्याचा दर्शनी भाग अंदाजानं कॉम्प्युटरवर रचून टाकू, असं त्यानं सुचवलं.

"नाय," ती म्हणाली. "जे पाहिलं नाय, ते दाखवायचं नाय. तिथं मोकळं राहू दे."

"मग पूर्ण कधी होणार?"

"माश्या गेल्या की मी जाईन."

पावसाळ्यात मोहोळ उठून गेलं. राजनंदिनी पुन्हा डोंगर चढली. मंदार पायथ्याशी आला, पण वर यायचं म्हटल्यावर त्याचं पाऊल उठेना. "तू बस इथंच," ती सहजपणे म्हणाली.

वर खडक ओला आणि मोकळा होता. ड्रोन नव्हता, फक्त उंच काठीवर लावलेला कॅमेरा. कुठूनसा एक भुंगा गुणगुणत गेला आणि तिच्या अंगावर काटा आला. पहिला फोटो पार हलला. तिनं काठी भिंतीला टेकवली, श्वास रोखला आणि दुसरा घेतला.