काका गुंगीवर अडून बसले

माझे काका ड्रायव्हिंग शिकवतात. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि माझ्या मते त्यांचा सगळा स्वभाव त्या ब्रेकनेच घडवलाय. बसमध्ये बसले तरी उजवा पाय दाबत राहतात. न्हाव्यासमोर बसले की आरशात बघून त्याला सूचना. दुसऱ्याच्या हाती काही सोपवायचं म्हटलं की त्यांचा जीव खालीवर होतो. अशा माणसाच्या नाकात मांस वाढलं. त्यांच्या घोरण्याने काकूची झोप पार उडाली, तेव्हा कुठे ते डॉक्टरकडे जायला तयार झाले.

नाकाच्या डॉक्टरबाईंनी नीट समजावून सांगितलं. काम छोटं आहे. नाक बधिर करून गुंगीचं औषध देता येईल, म्हणजे अर्धवट झोप लागेल, थोडंफार ऐकू येईल. नाहीतर पूर्ण भूल. मग काहीच कळणार नाही, फक्त घशात नळी घालावी लागेल.

"पूर्णच द्या," काकू म्हणाली. "हे जागे राहिले तर तुम्हालाच शिकवायला लागतील."

"गुंगी," काका म्हणाले. "आणि डॉक्टर, तुम्ही किती वर्षं हे काम करताय?"

काकूने कपाळाला हात लावला. मला तर तिथून पळून जावंसं वाटलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "गुंगी चालेल, पण डोकं हलवायचं नाही. हलवलंत तर पूर्ण भूल द्यावी लागेल." त्यासाठीही सही हवी होती. आधी बायकोला विचारायचं, या अटीवर काकांनी ती केली. आणि बाहेर आल्याआल्या काकूला दम भरला, "विचारायला आले तर सरळ नाही म्हण. डोळे मिटले आणि उघडलेच नाहीत, तर?" हे शेवटचं ते इतकं हळू बोलले की मला हसूच आलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि काकू बाहेर बाकावर बसलो होतो. थोड्या वेळाने भूलतज्ज्ञ बाहेर आले. हसू दाबायचा त्यांचा प्रयत्न चालला होता, पण जमत नव्हतं.

"काकू, ते गुंगीत शिकवायला लागलेत. 'आरसा बघा. डावीकडे घ्या. सावकाश, सावकाश.' आमच्या डॉक्टर उजव्या नाकपुडीत आहेत. दोनदा तर त्यांच्या तोंडून 'हो सर' निघालं. ते ठीक आहे, पण प्रत्येक सूचनेला यांचं डोकं वर येतंय आणि पाय टेबलावर आपटतोय. अशाने इजा होईल. पूर्ण भूल देऊ का?"

कालपर्यंत काकू पूर्ण भुलीसाठी भांडत होती. आता तिने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. मला वाटलं, ही आता नाही म्हणणार.

"द्या," ती म्हणाली. मग ते वळताच, "पण नीट बघा हं त्यांच्याकडे." आणि पदर तोंडाला लावून बसली. मीही घाबरलो होतो, उगाच खोटं कशाला बोलू?

काका शुद्धीवर आले तेव्हा नाकात बोळे होते आणि आवाज घागरीतून आल्यासारखा येत होता. काम उत्तम झालं होतं. पण काकूला राहवेना.

"अहो, त्यांनी विचारलं तेव्हा मी हो म्हणाले. तुम्ही नाही म्हणायला सांगितलं होतं. रागवा हवं तर."

काकांनी उशीवरून डोकं उचललं. मला वाटलं, आता हॉस्पिटल डोक्यावर घेणार.

"अगं, आजवर तू माझं एकदा तरी ऐकलंयस का?" ते म्हणाले. "म्हणून तर निर्धास्त आत गेलो."

चादर नीटच होती, तरी काकू ती पुन्हा नीट करायला लागली.