नाल्यापलीकडची वाघळं

ब्राह्मणपुरीच्या करणसिंगाला भाऊबंदांच्या भरभराटीचा कधी त्रास झाला नव्हता. चुलतभाऊ भूपेंद्रने त्याच्याआधी ट्रॅक्टर घेतला, दुमजली घर बांधलं; करणसिंग पेढा खाऊन विसरून गेला. पण वाघळं भूपेंद्रकडे गेली, तेव्हा त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेचना.

कोल्ह्याच्या तोंडाची, तांबूस मानेची ही मोठी फळखाऊ वाघळं करणसिंगाच्या विहिरीवरच्या वडाला आजोबांच्या काळापासून लटकलेली. घाण पडते, वास मारतो म्हणून तो त्यांना रोज शिव्या घालायचा. पण गावात लोक त्याला 'वाघळांवाला करणसिंग' म्हणत, ते मात्र त्याला मनापासून आवडायचं. दोन वर्षांपूर्वी पत्र्याची शेड उभारताना आड येणाऱ्या जाड फांद्या त्याने यंत्राच्या करवतीने उतरवल्या. वाघळं किंचाळत उठली, नाल्यापलीकडे भूपेंद्रच्या चिंचांना जाऊन लटकली आणि तिथलीच झाली.

आधी करणसिंगाला सुटल्यासारखं वाटलं. मग नंदुरबारहून कॅमेरेवाले आले आणि भूपेंद्रकडे चहा पिऊन गेले. शाळेची सहल आली. पाहुण्यांना भूपेंद्र 'आमची वाघळं' म्हणून दाखवतो, हे कानावर आलं आणि करणसिंगाला जेवण गोड लागेना. वाघळांनी रोगराई पसरते, असं तो पारावर सांगत सुटला.

"वाघळंसपायी कोनी भाऊवर जळस का?" बायकोने विचारलं. त्याने ताट सरकवलं.

वैशाखातल्या एका दुपारी तो लग्नातले उरलेले सुतळी बॉम्ब घेऊन नाला ओलांडून गेला. उन्हाने हैराण झालेली वाघळं पंखांनी वारा घेत होती. काहींच्या छातीला पिल्लं बिलगलेली होती. ते त्याने पाहिलं आणि तरीही वात पेटवली.

आवाजासरशी सगळा थवा उठला आणि थेट त्याच्या वडाकडे वळला. करणसिंग धावत नाल्याच्या काठावर आला. वाघळं वडाभोवती घिरट्या घालत राहिली, पण एकही बसलं नाही. थवा फिरून पुन्हा चिंचांवर आला.

एक पिल्लू चिंचेखाली पडलं होतं. आवाज ऐकून धावत आलेल्या भूपेंद्रने ते उपरण्यात उचलून खोडाला लावलं.

"दादा, मी त्यास्ले बलावाले नही गऊ," तो वडाकडून चिंचांकडे हात फिरवत शांतपणे म्हणाला. "तू फांद्या तोड्यात म्हनीसन त्या आठे उन्यात."

करणसिंगाने उरलेले बॉम्ब नाल्यातल्या डबक्यात टाकले. पिल्लाचं काय झालं, हे विचारायला त्याने दुसऱ्या दिवशी बायकोला पाठवलं. पिल्लाला त्याच्या आईने आदल्या सांजेलाच उचलून नेलं होतं.

तेव्हापासून आपल्या पपईच्या बागेतल्या कडेच्या ओळीतली पिकलेली फळं करणसिंग तोडत नाही. दिवस मावळला की वाघळं तिथे उतरतात आणि खाऊन पलीकडे जातात. ती जाताना त्याला बघवत नाही. भूपेंद्र भेटला की दोघं पाण्याच्या पाळीवर बोलतात, कापसावर बोलतात. वाघळांचा विषय करणसिंग निघू देत नाही.