लिंबापुरतं टोक

मावशींनी नुसतं बघितलं तरी पेशंटचा ताप एका अंशानं उतरायचा. दोनदा बघितलं तर दोन अंशांनी. हे मी ऐकीव सांगत नाही. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या त्या सर्जिकल वॉर्डात मी ज्युनियर डॉक्टर होतो आणि चार्टवर आकडे मीच लिहीत होतो. मावशी त्या वॉर्डाच्या सिस्टर, म्हणजे मुख्य नर्स. उंची पाच फुटांना दोन इंच कमी. पण त्या दारात आल्या की सहा फुटी कन्सल्टंट शर्ट आत खोचायचे आणि अंथरुणाला खिळलेले लोक अंथरुणातच सावधान व्हायचे.

सगळा वॉर्ड त्यांना मावशी म्हणायचा, पण मावशी तशा एकट्या शैलाच्या. शैला पाच वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हा मावशींनी बहिणीची ही पोर कोल्हापूरहून इकडे आणली आणि वाढवली. स्वतः लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "तीस पुरुष रोज अंथरुणात बघते. घरी आणखी एक कशाला?"

कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचा प्रश्न एकच: "चालतं का?" दिसतं कसं याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. किटली, बीपीचं मशीन, नवा डॉक्टर, सगळ्यांना हीच परीक्षा. माझ्या पहिल्या दिवशी त्यांनी मला एका जाड्या पेशंटची शीर शोधायला लावली आणि मी ती चौथ्या प्रयत्नात शोधल्यावर शेजारच्या नर्सला म्हणाल्या, "चालेल. तेलपाणी करावं लागेल."

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शैलानं मार्टिन नावाच्या पोस्टमनशी लग्न ठरवलं. मावशींनी त्याची जीभ बघितली, नखं बघितली, आणि "चालेल" म्हणाल्या. अडलं ते मामांपाशी.

मामा म्हणजे मावशींचा धाकटा भाऊ, मुक्काम कागलजवळचं एक गाव. अक्का नर्स होऊन परदेशी गेली या रागात त्यांनी वीस वर्षं तिच्याशी अबोला धरला होता. आणि आमच्यात नवरीला मांडवात आणायची ती मामानंच; मंगलाष्टकांना तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही त्यानंच. मावशींनी पत्र पाठवलं. उत्तर आलं चार ओळींचं: "तिकीट काढले आहे. आपल्या घराण्यात नवरदेव हातात तलवार घेऊन उभा राहतो, टोकाला लिंबू खोचून. तलवार त्याच्या स्वतःच्या मालकीची लागते, उसनी नव्हे, खोटी नव्हे. नसल्यास मी पाहुण्यांत बसेन."

मार्टिनच्या घरात पात्याची म्हणून एकच वस्तू होती, ती म्हणजे लॉनमोवर.

"अहो डॉक्टर," मावशी म्हणाल्या, "त्यानं अट घातली ती मोडावी म्हणून. आपण ती पुरी करू. लग्नाच्या आधीच पोराला तलवार भेट देऊन टाकते, म्हणजे ती त्याची झाली. गाडी काढा."

मराठेशाही तलवार आमच्या मिडलँड्समध्ये कुठली मिळणार? मिळते ती मध्ययुगीन नाइट सरदारांची, सरळ पात्याची, मुठीपाशी आडवी दांडी असलेली. मावशींचं त्याला काही म्हणणं नव्हतं. अटी दोनच: खरी हवी आणि ऐंशी पौंडांच्या वर नको. पर्समध्ये त्यांनी अर्धा डझन लिंबं घेतली.

पहिला दुकानदार वॉरिकजवळचा, पुराण्या वस्तूंचा. त्यानं भिंतीवरून मखमलीच्या म्यानातली तलवार उतरवली. मावशींनी ती उपसून थर्मामीटरसारखी झटकली. मुठीत पातं खुळखुळलं. मग त्यांनी काउंटरवर लिंबू ठेवून टोक टेकवलं आणि दाबलं. लिंबू शाबूत राहिलं, तलवार वाकली. "शोभेची आहे, मॅडम," दुकानदार पुटपुटला. "कोणाच्या शोभेची?" मावशींनी विचारलं. त्या माणसानं पुढच्या महिन्यात दुकान बंद करून फर्निचरचं काढलं असं मी ऐकलं. मी विश्वास ठेवतो.

दुसरा लंडनकडच्या हाउन्सलोचा. सिनेमांना हत्यारं भाड्यानं द्यायचा. त्याच्याकडची तलवार इतकी हलकी की खिडकी उघडी असती तर उडाली असती. मावशींनी ती पंख्यासारखी हलवून परत दिली. तोवर माझ्या गाडीला लिंबाचा असा वास चढला होता की पेट्रोल पंपावरच्या बाईनं मला सर्दीची गोळी देऊ केली; तिकडे सर्दीचं औषध लिंबाच्याच चवीचं.

तिसऱ्या रविवारी आम्ही एका शेतात, जुन्या लढायांची हौसेनं नक्कल करणाऱ्यांच्या जत्रेत पोचलो. तिथे शेकडो इंग्रज लोखंडी कपडे घालून चिखलात एकमेकांना बडवत होते, आणि दुपारी चहाला थांबत होते. कडेच्या तंबूत एक दाढीवाला लोहार बसला होता. त्यानं एक साधी तलवार काढली, दोन्ही हातांनी धनुष्यासारखी वाकवली आणि सोडली. पातं सरळ झालं. मग ती ओंडक्यावर दाणकन मारली. ओंडका हलला, मूठ हलली नाही.

"पातं मुठीत कुठवर गेलंय?" मावशींनी इंग्रजीत विचारलं.

"शेवटपर्यंत, लव्ह," तो म्हणाला; तिकडे कुठल्याही बाईला लव्हच म्हणतात. "खाली ठोकून बंद केलंय."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत समाधान होतं. मला एक अंश थंडी वाजली. त्यांनी लिंबू काढलं, टोक टेकवलं. टोक बोटाच्या पेरासारखं गोल. लिंबू घरंगळत तंबूबाहेर गेलं.

"टोक नसतंच, लव्ह. धारही नसते. नाहीतर पहिल्याच लढाईत कोणीतरी जखमी होईल."

"मग लढाई कशाला करता?"

लोहारानं दाढी खाजवली. हा प्रश्न आजवर त्याला कोणी विचारला नसावा. तेवढ्यात मावशींचं लक्ष त्याच्या अंगठ्याकडे गेलं. अंगठा वांग्यासारखा सुजला होता आणि त्याला बांधलेली चिंधी बहुधा मध्ययुगातलीच होती. "बसा," मावशी म्हणाल्या. तो बसला. अर्ध्या तासात त्यांनी अंगठा धुतला, पू काढला, पट्टी बांधली आणि उद्या सकाळी हॉस्पिटलात जायची ताकीद दिली. मग म्हणाल्या, "माझ्या भाचीचं लग्न आहे. तिचा मामा उठून उभा राहतो का नाही, ते या टोकावर आहे." आणि सगळी हकीकत सांगितली.

लोहारानं बांधलेल्या अंगठ्यानिशी सहाण फिरवून टोक काढलं. "फक्त लिंबापुरतं हां," तो म्हणाला. आडवी दांडी किंचित तिरकी बसली होती म्हणून ती तलवार ऐंशीला मिळाली. ऑपरेशन टेबलावर ती चालली असती का, त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण लिंबात ती लोण्यासारखी गेली.

लग्न शाळेच्या हॉलमध्ये. गुरुजी लंडनकडच्या पिनरहून आलेले, एरवी आठवडाभर दातांचे डॉक्टर. मार्टिन फेटा बांधून उभा, हातात नाइटाची तलवार, टोकाला लिंबू. मामा आदल्या दिवशी उतरले होते, मावशींशी चकार शब्द न बोलता. आता काळा कोट घालून शेवटच्या रांगेत हाताची घडी.

गुरुजींनी पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

कोणी हललं नाही. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मावशी भिंतीशी उभ्या होत्या. वीस वर्षांत ज्यांनी कुणाला दोनदा सांगितलं नाही, त्या भावाकडे बघतसुद्धा नव्हत्या. मार्टिनचा हात थरथरू लागला. त्याची आई हळूच म्हणाली, "खाली घे ना रे जरा." तो घामाघूम होऊन म्हणाला, "मावशी म्हणाल्यात, नाही."

मामा उठले. कोल्हापुरी वाजवत हॉलच्या मधून चालत गेले आणि मार्टिनसमोर थांबले. पात्यावर नख वाजवून बघितलं. मग त्याचं कोपर धरून बरगडीला टेकवलं आणि म्हणाले, "मनगटावर नको, जावईबापू. भार इथं घ्या." मार्टिनला एक अक्षर कळलं नाही, पण हात थरथरायचा थांबला. मामा वळले आणि शैलाला आणायला आतल्या खोलीत गेले.

मावशींनी अक्षता चुकून सगळ्या एकदमच टाकल्या, माझ्या डोक्यावर.

मावशींना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. मला त्या आठवतात त्या विमानतळावर, मामांना सोडायला गेलो तेव्हाच्या. दोघं गाडीत मागे बसून दोन तास पावसापाण्याचं बोलली होती. दारापाशी मामा अचानक खाली वाकले आणि त्यांनी मावशींच्या पायांना हात लावला.

"अक्का, चुकलं."

"अरे बाळू, हळू. कंबर धरेल," मावशी म्हणाल्या, आणि वाकलेल्या भावाच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. विमानाची घोषणा झाली. पुन्हा झाली. मागं रांग खोळंबली. मावशींनी हात काही उचलला नाही, आणि मामाही उठले नाहीत.