सेसिलची बॅन्शी

आयर्लंडमधल्या आमच्या लिट्रिममध्ये अ‍ॅट्रॅक्टा गिलहूलीचं केस कापायचं दुकान आहे. कापलेले केस ती टाकत नाही. दलदलीतून निघणाऱ्या काळ्या लाकडातून ती बॅन्शी कोरते आणि आमचेच केस त्यांच्या डोक्यावर चिकटवते. बॅन्शी म्हणजे घरात कुणी मरायचं असलं की आधी दाराबाहेर येऊन रडणारी बाई. माझ्या नुकत्याच रंगवलेल्या बटा मी तिथल्या एका हडळीच्या डोक्यावर पाहिल्या, तेव्हा माझं टाळकंच सटकलं.

"अगं, निदान विचारायचं तरी!"

"तुझ्यापेक्षा तिला शोभतात," अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली. अशी ही बाई. तरी मी तिच्याकडेच जाते, कारण दुसरं दुकान लांब आहे आणि तिथला चहा पाणचट.

सेसिल विन दर शुक्रवारी यायचा. डोक्यावर औषधालाही केस नाही, पण खुर्चीत बसून मानेवर ब्रश फिरवून घ्यायचा. बायको नाही, मूलबाळ नाही. यंदा हिवाळ्यात छातीने दगा दिला, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा हा अ‍ॅट्रॅक्टाला म्हणाला, "मला एक बॅन्शी करून दे. माझी स्वतःची."

दुकानात एकच गलका झाला. बॅन्शी फक्त जुन्या आयरिश घराण्यांसाठी रडते, हे शेंबडं पोरही सांगेल. विन मंडळी तर इंग्लंडहून आलेली. पॅकी मॅकमॉरो अर्ध्या दाढीवरून साबणासकट उठला.

"आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या येते ती. माझी आई अंथरुणाला खिळलीय, तिच्यासाठी येईल. तुझ्यासाठी कशाला येतेय? तुम्ही बाहेरचे."

"साडेतीनशे वर्षं झाली रे येऊन!"

"तेच म्हणतोय. आत्ताच तर आलात."

सेसिलने टोपी उचलली. "म्हणजे माझ्यासाठी कुणी रडणार नाही, एवढंच ना?" म्हणाला आणि निघून गेला. त्याचा चेहरा बघून मला पॅकीचा असा संताप आला, की त्याची उरलेली दाढी उपटावीशी वाटली.

अ‍ॅट्रॅक्टाने बॅन्शी केली. आता विन घराण्याचे केस आणायचे कुठून? शेवटी तिने सेसिलच्या भुवया कातरल्या. भुवया दांडग्या होत्या, तरी बॅन्शी टकलीच दिसली. सेसिल मात्र खूश.

"थेट माझ्या आत्यावर गेलीय. आता हिला रडायला लाव."

"लाकूड आहे ते, सेसिल."

"मग तिच्या वतीने तू रड. आत्ताच रड. मेल्यावर मला काय ऐकू येणार?"

म्हणून भर सकाळी, त्याच्या खिडकीखाली, बॅन्शीला काखोटीला मारून अ‍ॅट्रॅक्टा रडली. वर छत्री मी धरली होती. पहिलं रडणं साहेबांना पसंत पडेना.

"शिंकल्यासारखं वाटतंय!" तो आतून ओरडला.

मग तिने असा गळा काढला, की समोरच्या गाई कुंपणाकडे पळाल्या.

तेवढ्यात फाटक धाडकन उघडलं. पॅकी धावत आला, पायात एकच बूट, डोळ्यांतून पाणी. आमच्याकडे न बघता तो सरळ आत घुसला. आम्हीही त्याच्यामागे गेलो. सेसिल पलंगावर चहा पीत बसला होता.

"जिवंत आहेस?" पॅकी म्हणाला.

"तुझी काही हरकत?"

पॅकी पलंगाच्या कडेला मटकन बसला. "बॅन्शी रडली रे. पार आमच्या घरापर्यंत ऐकू आली. म्हटलं, गेलास तू."

"पण तुझ्या घरी तुझी आई आहे ना अंथरुणावर?"

आई पॅकीच्या डोक्यातच आली नव्हती.

"आवाज ऐकला आणि इकडेच आलो," तो बाहीला नाक पुसत म्हणाला.

सेसिलने कप खाली ठेवला. "इकडेच?" त्याने विचारलं. आणि मग तो ओक्साबोक्शी रडायला लागला, अ‍ॅट्रॅक्टापेक्षा कितीतरी चांगलं.