मुळाला हात न लावता

आखातातल्या आमच्या सलमाबादच्या ऑफिसात अकाउंट्सला एक कुडाळकडचे गृहस्थ आहेत. एरवी इंग्रजीच बोलतात, पण कोणाच्या फोनचं सेटिंग उघडलं की मालवणीवर येतात. फोन मात्र हातात घेत नाहीत. हात पाठीमागे बांधून ते सांगणार आणि आपण दाबायचं. पासवर्डची वेळ आली की मान वळवून खिडकीबाहेर बघतात.

पुण्यात आईचं ऑपरेशन होतं, आणि मीटिंगमध्ये फोन वाजायचा नाही हा साहेबांचा नियम. मी त्या गृहस्थांना विचारलं, "बाकीचे सगळे फोन गप्प राहून फक्त भावाचा फोन वाजेल असं होईल? दुकानदार म्हणतो, आतली सिस्टिमच उघडून फोन रूट करावा लागेल."

"नको गो बाय! बँकेचा ॲप बंद पडात. मुळाक हात लावचो नाय, पानां तेवडी हलवूया."

मग एकेक बटण त्यांनी माझ्याकडूनच दाबून घेतलं.

दुसऱ्या दिवशी भर मीटिंगमध्ये माझाच फोन खणखणला. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी तिथेच उचलला.

"ताई, आई शुद्धीवर आली. चहा मागतेय."

मला रडू आवरेना. समोर पाहिलं, तर अकाउंट्सचे ते गृहस्थ मान वळवून खिडकीबाहेर बघत होते.